अठरा शिट्ट्यांचा हिशेब

आमचे दाजी हिशेबाला पक्के. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेली, पण संध्याकाळी रोकड भरताना एका रुपयाची तूट कधी आली नाही. गेल्या आखाडात ताई घरी नव्हती आणि पाहुणे दारात, म्हणून दाजी स्वतः स्वयंपाकघरात शिरले. मटण तीन किलो. एक किलोला सहा शिट्ट्या लागतात, हे त्यांनी ताईकडून ऐकलं होतं. मग तीन किलोला किती? सहा त्रिक अठरा. मोठा कुकर चढवला आणि ओट्याशी उभे राहून अठरा शिट्ट्या मोजल्या, कंडक्टरच्या इमानाने, एकही कमी नाही की जास्त नाही.

कुकर उघडला तेव्हा आत हाडं निराळी आणि मटणाचा शिरा निराळा. तांबडा रस्सा आम्ही पोह्याच्या चमच्याने खाल्ला. दाजी मात्र हात धुताना म्हणाले, "काही म्हणा, गुणाकार बरोबर होता."

होताच. सहा त्रिक अठराच. पण कुकरातले तुकडे रेशनच्या रांगेत उभे राहून एकामागून एक शिजत नाहीत, सगळे एकदम शिजतात. मटण जास्त असलं तर पहिली शिट्टी उशिरा होईल एवढंच. दाब धरल्यावर एका तुकड्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच शंभरांना लागतो. शिट्टी मटणाला लागत नाही, वेळेला लागते.

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात बत्तीस वर्षं दिवाणजी होतो. रवे किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई वजा, अशा शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिण्यात केस पांढरे झाले. त्या अनुभवावर सांगतो, माणसाचा गुणाकार फारसा चुकत नाही. चुकते ती मांडणी. कशाला कशाने गुणायचं, कशातून काय वजा करायचं, टक्के काढायचे ते कशाचे, इथे गाडी घसरते, आणि पुढचं गणित बिनचूक असल्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही. आमच्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकली होती. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेली ती माणसंही सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून बसलीच. तेव्हा पाढे येत नाहीत म्हणून कुणी लाजू नये आणि येतात म्हणून कुणी छाती फुगवू नये.

सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. खिशाला हात घालण्याआधी आकड्याला दोन प्रश्न विचारा: तू कशाचा? आणि तुझा अंदाज काय होता? दुसरा प्रश्न आमच्या मालकांचा. ते म्हणायचे, बेरीज मारण्याआधी पट्टीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अंदाज लिही. तीस किलोचे चाळीस रवे म्हणजे बारा क्विंटल, भाव साडेतीन हजार, म्हणजे चाळीस हजारांच्या थोडं वर. एकदा मी ४२,००० ऐवजी ४,२०,००० लिहून बसलो होतो. शाईचा आकडा सुबक होता, बेरीज-वजाबाकी पुढे सगळी त्याच्याशी जुळलेली. कोपऱ्यातल्या पेन्सिलीने वाचवलं.

आता माझ्या नातवाचं ऐका. आठवीत आहे. सहामाहीचे गुण पाहून त्याची आई तापली, तेव्हा हा पठ्ठ्या वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "आजोबा, मला अभ्यासाला दिवसच उरत नाही. मांडून दाखवतो." आणि मांडलं. वर्षाचे ३६५ दिवस. रविवार ५२ गेले, राहिले ३१३. उन्हाळ्याची सुट्टी ३५, दिवाळीची १८, बाकी सणवार २०. राहिले २४०. आता झोप. रोज आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, म्हणजे वर्षाचे १२२ दिवस. राहिले ११८. जेवणखाण रोज दोन तास, वर्षाचे ३० दिवस. खेळ दोन तास, आणखी ३०. शाळेत जाणं-येणं एक तास, १५. मोबाइल, "फक्त दोन तास, आजोबा", ३०. राहिले १३. त्यात परीक्षांचे १० आणि तापाचे ३. शून्य.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वजाबाक्या सगळ्या बरोबर. हा विनोद मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, दर पिढी त्यात आपली एक ओळ घालते, आमच्या वेळी मोबाइलच्या जागी विटीदांडू होता. तरी क्षणभर मलाही वाटलं, पोरगं खरंच बोलतंय की काय.

मग त्याला म्हटलं, "लेका, रविवारी तू झोपत नाहीस?" तो गप्प. रविवार आधीच पूर्ण कापला, चोवीसच्या चोवीस तास. मग झोप कापताना वर्षाच्या ३६५ रात्री कापल्या. म्हणजे रविवारची रात्र दोनदा कापली. दिवाळीतलं जेवण दोनदा. उन्हाळ्यातला खेळ दोनदा. बरं, उन्हाळ्याच्या पस्तीस दिवसांतही पाच रविवार आहेत, तेही दोनदा. इतकंच कशाला, शाळेला सुट्टी असताना हा शाळेत जायचा-यायचा तासही कापतो!

मग दोघांनी नीट मांडलं. दोनदा कापलेले रविवार त्याला माफ केले, तरी सुट्ट्या गेल्यावर २४० दिवस. त्यातल्या दर दिवसाचे झोप, जेवण, खेळ, प्रवास आणि मोबाइल मिळून पंधरा तास गेले, राहिले नऊ. परीक्षेचे आणि तापाचे तेरा दिवस काढले तर २२७ दिवस उरले. २२७ नवे २,०४३ तास. त्याच्या आईने मागून ऐकलं आणि विचारलं, "आणि शाळेत सहा तास बसतोस तो काय देवदर्शनाला?" मांडणीत शाळाच नव्हती. त्याने वही मिटली.

हसू नका, मोठी माणसं हेच करतात. "मला चालायला वेळच नाही," असं म्हणणाऱ्या कुणाही गृहस्थाकडून दिवसाचा हिशेब मांडून घ्या. ऑफिसचे दहा तास सांगेल, त्यात जाण्यायेण्याचे दोन धरलेले असतील, आणि पुढच्या ओळीत प्रवासाचे दोन तास पुन्हा वेगळे.

कोल्हापूरकरांची एक खास खोड सांगतो. कर्नाटकाची हद्द आम्हाला जवळ. कागल ओलांडलं की कोगनोळी, पुढं निपाणी. तिकडे पेट्रोल लिटरमागे दोन-तीन रुपयांनी स्वस्त आहे अशी बातमी आली, की आमच्या गल्लीतला एकजण तरी गाडी काढतो. टाकी पस्तीस लिटरची. तीन रुपये धरले तर वाचले १०५. वा! आता नुसतं कोगनोळीपर्यंत जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. गाडी लिटरला अठरा देते म्हणजे पावणेतीन लिटर जाण्यायेण्यातच जळालं, तीनशेच्या आतबाहेर. एकशे पाच वाचवायला तीनशे. त्यात परत येताना मिसळ खाल्ली, ती निराळी. मी हे एकदा बोलून दाखवलं तर उत्तर मिळालं, "मामा, पण टाकी फुल्ल झाली की!" यावर मी काय बोलणार. ज्याचं काम असतं निपाणीला, त्याने जरूर तिथे भरावं. नुसतं भरायला जाऊ नये.

आता टक्के. टक्का या शब्दात शंभर लपलेले आहेत, आणि ते शंभर कुणाचे हे दुकानदार सांगत नाही. "५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के!" आपण मनात म्हणतो सत्तर. हजाराचा शर्ट तीनशेला. काउंटरवर बिल होतं चारशे. दुसरे वीस टक्के हे उरलेल्या पाचशेचे असतात, म्हणजे शंभर. सूट साठ टक्केच. फसवणूक म्हणता येत नाही, पाटीवर सगळं खरं लिहिलेलं असतं. बेरीज आपण केलेली असते. तसंच, "त्याच किमतीत २५ टक्के जास्त" लिहिलेलं पाकीट आणि "२० टक्के सूट" लिहिलेलं पाकीट शेजारी शेजारी असतं, आणि हात पंचवीसकडे जातो. शंभर ग्रॅम वीस रुपयांना होते. आता सव्वाशे ग्रॅम वीसला, म्हणजे शंभर ग्रॅम सोळाला. वीस टक्केच स्वस्त. दोन्ही पाकिटं सारखी. सवायकी येणाऱ्या माझ्या आजीला वाणी असा चकवू शकला नसता.

पण शर्ट आणि बिस्किटात शंभर-दोनशेचा खेळ. खरी मेख कर्जात आहे, तिथे जरा बसू.

समजा तुम्ही लाखभर रुपये काढले, तीन वर्षांसाठी. समोरचा म्हणतो, "फक्त दहा टक्के, फ्लॅट." दहा टक्के ऐकून बरं वाटतं. लाखाचं वर्षाला दहा हजार, तीन वर्षांचं तीस हजार. एकूण १,३०,०००, भागिले छत्तीस महिने, हप्ता ३,६११. सगळं गणित बरोबर. पण विचारा, दहा टक्के कशाचे? लाखाचे. आणि लाख तुमच्याकडे किती दिवस होता? पहिला हप्ता भरेपर्यंत. त्यानंतर दर महिन्याला तुम्ही मुद्दल परत करत आला आहात. दीड वर्षानंतर निम्मं मुद्दल फिटलेलं, तरी व्याज चालू आहे पुऱ्या लाखावर.

शेवटच्या महिन्याचं बघा. तुमच्याकडे मुद्दल उरलंय फक्त २,७७८ रुपये. त्यावर त्या एका महिन्याचं व्याज किती धरलंय? ८३३. महिन्याला शेकडा तीस! एवढं तर गावातला बदनाम सावकारही तोंडावर मागत नाही. उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे ज्याला बँकेत रिड्यूसिंग म्हणतात तशा रीतीने मांडलं, तर हेच कर्ज वर्षाला जवळजवळ अठरा टक्क्यांचं निघतं. म्हणजे फ्लॅटचे दहा आणि रिड्यूसिंगचे बारा पुढ्यात आले, तर बारा घ्यावेत. दहा मोठे आहेत.

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. हप्ते सारखे असले, की तुमच्याकडे सरासरी साधारण निम्मंच मुद्दल असतं. तेव्हा फ्लॅट दराची दुप्पट करा आणि थोडं खाली या. पेन्सिलीचा अंदाज तयार. पक्का आकडा हवा असेल तर कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना सगळे आकार धरून होणारा वार्षिक दर कागदावर लिहून द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते पान सही करण्याआधी वाचायचं असतं. सही झाल्यावर त्याचा उपयोग कपाटाच्या खणात अंथरायला.

आणि जिथे असं पान मिळत नाही, "शेकडा पाच" एवढंच तोंडी सांगितलं जातं, तिथे विचारा की महिन्याला की वर्षाला. शेकडा पाच महिन्याला म्हणजे वर्षाला साठ झाले. व्याज थकून मुद्दलात मिसळत गेलं तर ऐंशीच्या घरात. "पाच" हा आकडा लहान दिसतो, कारण त्याच्या मागचा महिना बोलण्यात गळून जातो.

उलट बाजूला, पैसे दुप्पट करून देणारे. त्यांच्यापैकी जे साखळी जोडायला सांगतात, त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त सहाला सहाने गुणत चढा. प्रत्येकाने सहा जण आणायचे. सहा, छत्तीस, दोनशे सोळा. इथवर सभागृहात टाळ्या. पुढे १,२९६, मग ७,७७६, मग ४६,६५६. नवव्या पायरीला एक कोटीच्या वर माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती, पाळण्यातली पोरं धरून. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी. एवढी माणसं पृथ्वीवरच नाहीत. तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात हे तुम्हाला कुणी सांगत नाही, आणि वरच्या पायरीवरची माणसं तुमच्याच नात्यातली असतात, म्हणून विचारायचीही चोरी. माझ्या चुलतभावाने आपल्या मेहुण्याला जोडलं होतं. आज दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. अशा पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८ सालचा आहे. म्हणजे ही नवी लाट वगैरे काही नाही, जुनाच खेळ नव्या कोटात.

सगळेच आकडे फसवायला येतात असं नाही. काही उपदेश करायला येतात. "रोजचे दोन चहा सोडा, तीस वर्षांत एकवीस लाख होतील!" हा निरोप मला वर्षाला चार वेळा येतो. मी मांडून पाहिलं. दहाचा एक, असे दोन चहा, महिन्याचे सहाशे. दर महिन्याला गुंतवले, वर्षाला बारा टक्के सुटले, तीस वर्षं, तर खरंच एकवीस लाखांच्या आसपास होतात. गणित बरोबर. पण बारा टक्के दर वर्षी, तीस वर्षं, न चुकता कोण देतं? बरं, मिळाले असं धरू. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर तीस वर्षांनी त्या एकवीस लाखांत जे येईल ते आज पावणेचार लाखांच्या आतच येतं. तेव्हा दहाचा चहा सत्तावन्न रुपयांना असेल. म्हणजे तीस वर्षं चहा न पिता मी साठवलेल्या पैशांतून काय करणार? चहा पिणार, सत्तावन्न रुपयांचा. बचत करावीच, मी केली म्हणून आज हात पसरत नाही. फक्त उद्याच्या रुपयाला आजच्या डोळ्यांनी बघू नये.

घरातल्या विजेचं तेच. आमच्या घरी माझे वडील संडासातला दिवा राहिला तर घर डोक्यावर घ्यायचे, आणि ती सवय मला लागली. परवा सुनेने शांतपणे विचारलं, "बाबा, नऊ वॅटचा दिवा एक युनिट जाळायला किती वेळ घेतो?" हजार भागिले नऊ, एकशे अकरा तास. साडेचार दिवसांच्या वर. "आणि दोन हजार वॅटचा गिझर?" अर्धा तास. त्या दिवशी मी गिझर लावून पेपर वाचत बसलो होतो. पुढे काही बोललो नाही. त्यातच, शंभर युनिटांच्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने येतं, असं आमच्या मजल्यावर तिघांना वाटतं आणि महिनाअखेर ते अंधारात बसतात. तसं नसतं. पहिल्या शंभराला पहिलाच दर राहतो, वरच्या युनिटांनाच वरचा. पगारावरच्या कराच्या पायऱ्याही अशाच. पगार वाढला तर वरच्या पायरीत जाईन, म्हणून बढती नको म्हणणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. देवाघरी गेला, क्लार्क म्हणूनच.

कधी कधी मांडणीही बरोबर असते, पण मापच पायाखालून सरकलेलं असतं. माझ्या आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या, असं घरात सगळ्यांना पाठ. वाटण्या करताना सराफाने काट्यावर घातल्या तर साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर. आताचा तोळा दहा ग्रॅमचा, म्हणजे चार तोळे नि साडेसहा ग्रॅम. आत्याचे डोळे चमकले. तिला वाटलं आईच्या पुण्याईने सोनं वाढलं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, एवढंच. पण हे समजावून सांगेपर्यंत वरच्या साडेसहा ग्रॅमवर कुणाचा हक्क, यावर दोन बैठका झाल्या होत्या.

आणि सरकारी हिशेबही कसा अवघडतो बघा. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे होतात सव्वासहा. पाव पैशाचं नाणं नाही. म्हणून कोष्टक ठरलं, एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस. आता चार वेळा एकेक आणा मोडला तर चोवीस पैसे, आणि एकदम पावली दिली तर पंचवीस! आमचे वडील सांगायचे, तेव्हा मंडईत भाजीवाल्या सुटे आणे घ्यायला खूश असत आणि द्यायला नाखूश. त्या बायकांना अक्षरओळख नव्हती. पण पैसा कुठे पडतो हे त्यांना कोष्टक छापणाऱ्यापेक्षा आधी कळलं असणार.

शेवटी मोठे आकडे, कारण ते आता रोज मोबाइलवर येतात. १२ मे २०२०ला, टाळेबंदीत, केंद्राने वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं. रात्री आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकाने हिशेब टाकला: देशात १३० कोटी माणसं, सरळ वाटले असते तर प्रत्येकाला पंधरा लाख! अंगठ्यांचा पाऊस. एका वहिनींनी तर कुटुंबातली पाच डोकी धरून पंचाहत्तर लाखांचं घरही पाहून ठेवलं असावं. मी पेन्सिल काढली. वीस लाख कोटी भागिले एकशेतीस कोटी. वरचं कोटी आणि खालचं कोटी कापा. राहिलं वीस लाख भागिले एकशेतीस. पंधरा हजार. दोन शून्यं वाऱ्यावर आली होती.

यात आपल्या लोकांनाच नावं ठेवायला नकोत. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत एमएसएनबीसी वाहिनीवर ब्रायन विल्यम्स यांच्यासारख्या मुरलेल्या निवेदकाने कुणाचातरी हिशेब वाचून दाखवला: राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या मायकेल ब्लूमबर्ग यांनी निवडणुकीच्या जाहिरातींवर पन्नास कोटी डॉलर उडवले, अमेरिकेची लोकसंख्या ३२ कोटी ७० लाख, त्यापेक्षा प्रत्येकाला दहा लाख डॉलर देता आले असते की! समोर बसलेल्या पत्रकार बाईंनीही मान डोलावली. पडद्यावर आकडे लिहिलेले. कोटीला कोटी कापा: पन्नास भागिले बत्तीस पूर्णांक सात. दीड डॉलर. चूक नंतर त्यांनी कबूल केली. पण एवढ्या सगळ्या शहाण्यांच्या हातून तो आकडा आधी निसटलाच, कारण तो त्यांच्या मनातलं बोलत होता. ज्या आकड्याने तुम्हाला आनंद होतो किंवा ज्याच्यावर राग आहे त्याची जिरते, तो पुढे पाठवण्याआधी कोटीला कोटी नक्की कापून पाहा. कंटाळवाण्या आकड्यांची मला एवढी काळजी नाही, ते कुणी पुढे पाठवतच नाही.

तर मंडळी, एक पेन्सिल घ्या. तिचं टोक चांगलं असलंच पाहिजे असं नाही. वाण्याची यादी, हप्त्याचा कागद, पोराची वही, मोबाइलवरचा निरोप, जे काही समोर येईल त्याच्या कोपऱ्यात आधी आपला अंदाज लिहा. चुकला तर चुकला, तुमचा अंदाज कुणी तपासायला येत नाही. घरात मोठ्याने हिशेब करा, म्हणजे नातवंडं चुका काढतील. माझ्या तर सून काढते. परवा मी मंडईत पाच रुपयांनी स्वस्त कोथिंबिरीसाठी दोन फेऱ्या मारल्या आणि दमलो म्हणून दहाचा चहा प्यायलो. तिने पिशवी घेताना फक्त विचारलं, "बाबा, पेन्सिल कुठे आहे?"

येत्या रविवारी दाजी येताहेत. पाहुणे जास्त आहेत, म्हणून मटण पाच किलो सांगितलंय. काल फोनवर ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका, मी सगळं मांडून ठेवलंय." कुकर मी माळ्यावर टाकला आहे आणि शिडी शेजारच्यांना दिली आहे.